यात पाणी घातलेलं नाही

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात स्टीलचा डबा होता. डब्यात बाटली नव्हती.

मजकूरवालीने डबा बाहेर काढून उलटा केला, जणू बाटली तळाला चिकटून बसली असावी. मग फ्रिजमधली सगळी मंडळी तिने एकेक करून बाजूला सारली. वसतिगृहातली संशयित भाजी, रंग जरा जास्तच खुललेलं सरबत, नळाच्या पाण्याचे नमुने. तिची बाटली कुठेच नव्हती. घरी जायची वेळ झाली होती आणि उद्या दिवसभर ढब्बू काय पिणार, हा प्रश्न त्या रिकाम्या डब्यातून तिच्याकडे टकामका बघत होता.

ढब्बू म्हणजे तिची मुलगी. पाच महिन्यांची, दोन्ही गाल वर आलेले, दात एकही नाही, आणि भुकेच्या बाबतीत कुणाचंही काही ऐकून न घेणारी.

हा फ्रिज सार्वजनिक आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेतला. खालच्या मजल्यावर प्रयोगशाळा, वर कचेरी आणि कचेरीच्या अगदी टोकाला प्रसिद्धी शाखा. हात धुवा, पाणी उकळा, डास होऊ देऊ नका, असं जे जे खात्याच्या भित्तिपत्रकांवर असायचं ते सगळं ती लिहायची. म्हणून इमारतीत तिला सगळे मजकूरवाली म्हणत. 'आईच्या दुधाला पर्याय नाही' हेही तिनेच लिहिलेलं. ढब्बूच्या जन्माच्या खूप आधी, एका हातात चहाचा कप धरून, चहा निवायच्या आत. लिहिणं सोपं होतं. बाळंतपणाची रजा संपवून कामावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आईच्या दुधाला पर्याय नसला तरी या इमारतीत त्याला जागाही नाही.

पहिल्याच आठवड्यात ती मोठ्या साहेबांकडे गेली होती. एक छोटी खोली, आतून लागणारी कडी आणि फ्रिजमध्ये एक कोपरा, एवढंच तिचं मागणं. मोठे साहेब मनाने भले. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि प्रस्ताव पाठवा म्हणाले. तिने पाठवला. प्रस्ताव या टेबलावरून त्या टेबलावर करत वर गेला आणि तिथली हवा मानवल्यासारखा तिथेच रमला.

ढब्बूला मात्र प्रस्तावावर राहता येत नव्हतं. मग मजकूरवालीने आपली आपण सोय केली. भित्तिपत्रकांच्या गुंडाळ्या ठेवायची एक अडगळीची खोली होती. तिथे एका प्रदर्शनासाठी बनवलेला, कागदाच्या लगद्याचा, माणसाएवढा डास उभा होता. दाराला कडी नव्हती, म्हणून ती रोज दुपारी डासाला ढकलत नेऊन दाराशी टेकवायची आणि त्याच्या पंखांच्या सावलीत बसून हाताने दाबायच्या छोट्या पंपाने दूध काढायची. कुणी दार लोटलंच तर फटीतून आधी डासाची सोंड बाहेर यायची. दुसऱ्यांदा दार लोटायला सहसा कुणी थांबत नसे.

बाटली आणि फ्रिज ही प्रयोगशाळेतल्या मावशींची कृपा. मावशींनी चार लेकरं वाढवलेली. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. नमुन्यांच्या बाटल्या उकळून निर्जंतुक केलेल्या असतात, इमारतीत त्यांच्याइतकं स्वच्छ दुसरं काही नाही, असं म्हणून त्यांनी तिला त्यातल्याच दोन दिल्या आणि वर हा झाकणाचा डबाही दिला. फ्रिजवर 'येथे नमुन्यांखेरीज काहीही ठेवू नये' अशी पाटी होती. तीही मजकूरवालीनेच लिहिलेली. रोज ती स्वतःच्या अक्षराकडे पाठ करून बाटली आत ठेवायची. ओळखू यावी म्हणून बाटलीच्या मानेला ढब्बूच्या मोज्याची उसवलेली लाल लोकर बांधायची. नाव लिहायचा धीर काही झाला नव्हता.

आणि आता मावशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या.

घरी ती रिकाम्या हाताने गेली. सासूबाईंनी तिच्या पिशवीकडे पाहिलं, मग फडताळाकडे पाहिलं. फडताळावर बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा होता. सासूबाईंनीच आणवलेला, अजून न फोडलेला. मजकूरवालीचं त्या डब्याशी वैर नव्हतं. तिच्या मैत्रिणीची जुळी त्यावरच गुटगुटीत झाली होती. पण सासूबाईंनी डबा आणताना एक वाक्य सोबत आणलं होतं, ते तिच्या मनात घर करून बसलं होतं. "तुझं दूध पातळ आहे गं. पोरीला पुरणार नाही." आणि मागाहून, जरा मऊ आवाजात, "नाहीतर मग नोकरीचं बघ काहीतरी." दोघींमध्ये न बोलता एक ठराव झाला होता. ज्या दिवशी बाटली येणार नाही त्या दिवशी डबा फुटणार, आणि एकदा डबा फुटला की पुढचं बोलणं नोकरीवर येणार.

"आज बाटली कुठंय?" सासूबाईंनी विचारलं.

"फुटली," ती म्हणाली. "पहाटे उठून काढून ठेवते, आई. उद्याचं भागेल."

सासूबाई फडताळाकडे वळल्या. त्यांनी फडक्याने डब्यावरची धूळ पुसली. डब्यावर धूळ नव्हती.

बाटली फुटली नव्हती, तिची बढती झाली होती. त्याचं असं झालं, की मावशी रजेवर गेल्या तशी फ्रिजची जबाबदारी अन्न निरीक्षकांकडे आली. खात्यात त्यांना नियमावली म्हणत. अर्थात पाठीमागे, कारण समोर म्हटलं असतं तर त्यांनी ते कोणत्या कलमाखाली म्हटलं असं विचारलं असतं. वरिष्ठ कार्यालयाची तपासणी जवळ आली होती. नियमावलींनी फ्रिज उघडला, कप्पे लावले, आणि डब्यात त्यांना प्रयोगशाळेचीच बाटली सापडली. आत दूध. मानेला लाल दोरा. नमुना मोहोरबंद करताना लाल दोराच बांधतात. म्हणजे लेबल गळून पडलेला नमुना, हे उघड होतं. कुणाच्या तरी हलगर्जीपणाची त्यांना शिसारी आली. त्यांनी बाटलीला रीतसर क्रमांक दिला आणि तपासणीला पाठवून दिली.

मधले दिवस मजकूरवालीने पहाटेच्या दुधावर निभावून नेले. पुढच्या आठवड्यात सकाळी ती कामावर आली तर इमारतीत चहा नव्हता.

जिन्याखालच्या चहाच्या टपरीला कुलूप होतं, कुलपाला मोहोर होती आणि पायरीवर चहावाला गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. वरती कचेरीत माणसं एकमेकांवर विनाकारण खेकसत होती. नियमावलींचा तर्क सरळ होता. इमारतीत दूध येतं ते चहावाल्याकडे, बिनलेबलाचा नमुना दुधाचा, अहवाल वाईट, तेव्हा अहवाल चहावाल्याचा. टपरी दुसऱ्या दिवशीच्या सुनावणीपर्यंत बंद.

"ताई, तुम्ही लिहिता-वाचता, तुम्ही सांगा त्यांना," चहावाला म्हणाला. "दुधात पाणी म्हणतात. आता पाण्याचं मी काही बोलत नाही. पण साखर? साखर मी चहात घालतो. दुधात साखर घालून मी कुणाच्या जिवावर नफा कमावणार?"

त्याचा परवाना जायची वेळ आली होती, आणि त्याच्या बोलण्यात पाण्याविषयी जी शांतता होती तीही तिला ऐकू आली. पण साखरेचं तिला खरंच नवल वाटलं. चौकशी करावी म्हणून ती खाली नियमावलींच्या टेबलापाशी गेली. टेबलावर अहवाल होता. अहवालावर, वजन म्हणून, एक धुतलेली बाटली ठेवली होती. बाटलीच्या मानेला ढब्बूच्या मोज्याची लाल लोकर होती.

तिने अहवाल वाचला. स्निग्धांश बरा. प्रथिनं प्रमाणाच्या निम्म्याहून कमी. साखर प्रमाणाबाहेर. निष्कर्ष: दुधात पाणी मिसळून ते लपवण्यासाठी वरून साखर घातल्याचा दाट संशय. खाली ठळक अक्षरात, 'कमी दर्जाचा नमुना.'

तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिच्या पायाखालची जमीन सरकली असती. नियम मोडला होता, तोही स्वतःच लिहिलेला. पण मजकूरवालीला आधी भीती वाटलीच नाही. तिला संताप आला. तो पायांच्या नखांपासून वर चढत कानांपर्यंत पोचला. सासूबाई पातळ म्हणत होत्या तोवर ती दोन बायकांमधली गोष्ट होती. आता सरकारनेही तेच म्हटलं होतं, आणि वर साखरेचा आळ घेतला होता.

"या दुधात पाणी घातलेलं नाही," ती म्हणाली.

नियमावलींनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत, मॅडम?"

"कारण ते माझं आहे."

नियमावलींनी पेन उचललं. अच्छा, म्हणजे मॅडम नोकरीत असून दुधाचा जोडधंदा करतात. जनावरं किती, गोठा कुठे, असं त्यांनी शांतपणे विचारायला घेतलं. तिने त्यांना पुरं बोलू दिलं. मग म्हणाली, "जनावर नाही. गोठा नाही. माझं म्हणजे माझं. माझ्या मुलीसाठी काढलेलं."

नियमावलींचं पेन हवेत थांबलं. त्यांच्या मानेपासून एक लाली निघाली आणि सावकाश टकलापर्यंत गेली. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, पटकन नजर काढून छताकडे पाहिलं आणि बराच वेळ छतातच काहीतरी वाचत राहिले. पण माणूस हाडाचा नियमावली होता. हळूहळू त्यांना पायाखाली कलमं लागली आणि ते सावरले. नोंद झालेला नमुना रद्द करायची तरतूद नाही, ते म्हणाले. चहावाल्याचं नाव काढता येईल. पण मग त्या जागी दुसरं नाव घालावं लागेल. 'उत्पादक' हा रकाना मोकळा सोडता येत नाही.

"घाला माझं," मजकूरवाली म्हणाली.

दुपारपर्यंत तिच्या हातात नोटीस पडली, की उत्पादकाने उद्याच्या सुनावणीस हजर राहावे. आणि नोटिशीच्या पाठोपाठ मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं.

मोठ्या साहेबांना या प्रकरणात सगळ्यांत जास्त त्रास एका शब्दाचा होत होता. खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर, तिचंच भित्तिपत्रक होतं. त्यावर तो शब्द वीतभर उंचीच्या अक्षरात छापलेला होता. पण समोर बसलेल्या बाईशी बोलताना तो त्यांच्या तोंडून निघेना. ते 'तो पदार्थ' म्हणाले, मग 'ती वस्तू' म्हणाले, मग नुसताच हात हवेत फिरवून 'ते' म्हणाले. प्रकरण वाढवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. वरचे लोक तपासणीला येणार, बाहेर कळलं तर खात्याचं हसं होईल. त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. दोनच ओळी होत्या: माझ्या हातून चूक झाली. यापुढे कार्यालयात असा पदार्थ आणणार नाही.

"पहिली ओळ हवी तर लिहून देते," ती म्हणाली. "फ्रिज तुमचा, पाटी माझी, चूक झाली. दुसरी ओळ नाही देणार."

"अहो, फक्त सहीपुरतं आहे हो."

"सही केली तर पाळावं लागेल, साहेब. आणि मी हा पदार्थ रोज घेऊनच येते. घरी ठेवून यायची सोय नाहीये."

मोठ्या साहेबांनी आधी भित्तिपत्रकाकडे पाहिलं आणि मग, ते आपल्याकडेच बघतंय असं वाटल्यासारखं, खिडकीकडे. उद्या शांतपणे विचार करून या, असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं. जाता जाता नोकरीत माणसाने लवचीक असावं, असंही ते म्हणाले.

संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नवरा ढब्बूला खांद्यावर घेऊन येरझारा घालत ऐकत होता. पाणी आणि साखरेपाशी त्याला हसू फुटलं आणि बायकोचा चेहरा पाहून ते त्याने ढब्बूच्या पाठीआड लपवलं. मजकूरवालीचं लक्ष सासूबाईंकडे होतं. आता त्या फडताळाकडे बघतील. आता म्हणतील, मी तुला कधीची सांगत होते. सरकारी शिक्का बसला होता त्यांच्या म्हणण्यावर.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"पाणी घातलंय म्हणाले?"

"हो."

"वर साखर?"

"हो, आई."

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. पातळ आहे, असं त्याच म्हणत होत्या ना, अशी लेकाने आठवण करून द्यायचा गाढवपणा केला, तेव्हा त्या त्याच्यावर कडाडल्या. "पातळ मी म्हणेन. मी घरातली आहे. ते कोण लागून गेले? आमच्या घरच्या दुधाला भेसळ म्हणतात. माझ्या नातीच्या तोंडचं तपासायला यांना कुणी सांगितलं होतं?" मग सुनेकडे वळून, "किती वाजता बोलावलंय गं?"

सुनावणी मोठ्या साहेबांच्या खोलीत होती. ते मधोमध, एका बाजूला कागद घेऊन नियमावली, दाराशी चहावाला. त्याचं नाव निघालं होतं तरी तो आला होता. सकाळीच किल्ली परत मिळाल्याच्या आनंदात सगळ्यांसाठी चहा घेऊन आला होता, आणि कपांकडे बघायचं धाडस कुणाला होत नव्हतं. सासूबाई ढब्बूला काखेत घेऊन आल्या आणि कुणी बसा म्हणायच्या आत बसल्या.

नियमावलींनी अहवाल वाचून दाखवला. आवाज खणखणीत, नजर कागदावर खिळलेली. मग त्यांनी उत्पादकाला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं.

"प्रमाण प्रमाण म्हणता ते कुणाचं?" मजकूरवालीने विचारलं. "प्रथिनं कमी, साखर जास्त, ती कुणाच्या मानाने?"

नियमावलींनी पान उलटलं. "गायीच्या."

"मग गाय म्हणून मी नापास झाले. ते मला मान्य आहे. पुढचं बघा. आईचं प्रमाण काय लिहिलंय?"

नियमावली पानं उलटू लागले. गाय होती. म्हैस होती. शेळी, मेंढी होती. खोलीत पानांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. बरीच पानं उलटून झाल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "उंटिणीचं आहे."

"या इमारतीत उंटीण कुणी पाहिलीय का हो?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. चहावाल्याने मान हलवून नाही म्हटलं. "उंटिणीचं लिहून ठेवलं, आणि आईचं राहिलं? हे बघ बाबा," त्या नियमावलींना म्हणाल्या, "पुस्तक मिट आणि इकडे बघ." त्यांनी ढब्बूचं झबलं वर करून पोट दाखवलं, मग एक मांडी दाखवली. मांडीला घड्या होत्या. "आता सांग, यात पाणी कुठं घातलंय?"

ढब्बूला इतक्या वेळ सगळ्यांनी आपल्याकडे बघत राहावं आणि खायला काही देऊ नये, हे पटलं नाही. तिने ओठ काढला, श्वास घेतला आणि पुराव्यादाखल जो सूर लावला तो खालच्या मजल्यावर परीक्षानळ्यांपर्यंत पोचला. मजकूरवालीने तिला घेतलं. खोलीत हात टेकवता येईल अशी खुर्ची एकच होती. मोठे साहेब न सांगताच उठले. ती त्यांच्या खुर्चीत बसली, ओढणी सारखी केली, आणि रडणं दोरी ओढून दिवा बंद करावा तसं थांबलं. तिच्या डोक्यावर तिचंच वाक्य होतं. समोर तीन पुरुष पंख्याचं परीक्षण करत होते. पंखा बंद होता.

मोठ्या साहेबांनी पंख्यालाच उद्देशून बोलायला सुरुवात केली. झालं गेलं विसरून जाऊ. प्रमाण उपलब्ध नाही असा शेरा मारू, बाईंनी तेवढा कालचा कागद सही करून द्यावा, प्रकरण इथेच संपलं.

सुटायला दार उघडं होतं. सही केली असती तर नोटीस गेली असती, आणि दुसऱ्या दिवसापासून बाटलीही गेली असती. मजकूरवालीने खाली पाहिलं. ढब्बूने डोळे मिटले होते आणि एका मुठीत ओढणीचं टोक घट्ट धरलं होतं, कुणी काढून घेईल अशा धास्तीने.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "एवढ्यात नाही संपत. नोटिशीत मी उत्पादक आहे. मग मला नियम लावा. सगळे लावा. उत्पादनाची जागा तपासल्याशिवाय प्रकरण बंद करता येतं का हो, निरीक्षक?"

नियमावलींनी पंख्यावरची नजर खाली आणली. कितीतरी वेळाने त्यांना उत्तर येणारा प्रश्न कुणीतरी विचारला होता. त्यांचा चेहरा उजळला.

"येत नाही," ते म्हणाले.

"मग चला."

ढब्बूचं पिणं उरकेपर्यंत सगळे थांबले; त्याला कुणाचा इलाज नव्हता. मग वरात निघाली. पुढे मजकूरवाली, मागे वही घेऊन नियमावली, त्यांच्यामागे मोठे साहेब, ढब्बूला ढेकर काढत सासूबाई आणि सगळ्यांत शेवटी ट्रे घेतलेला चहावाला. मोठ्या साहेबांनी पुढे होऊन अडगळीच्या खोलीचं दार जोरात लोटलं आणि दाराजवळच उभ्या डासाची सोंड त्यांच्या छातीला लागली. ते मागे सरून चहावाल्याच्या ट्रेवर आदळले. मावशी असत्या तर त्यांनी आधी सांगितलं असतं, की डास आहे, जपून.

आत शिरल्यावर मात्र कुणी हसलं नाही. धुळीने माखलेल्या गुंडाळ्या. एक मोडकी खुर्ची, तिच्यावर घरून आणलेली घडी घातलेली चादर. खिडकीला काच नव्हती, तिथे 'स्वच्छ हवा, निरोगी घर' हे भित्तिपत्रक चिकटवलेलं. नळ नाही, दिवा नाही. कोपऱ्यात हात पुसायचा एक छोटा पंचा खिळ्याला टांगलेला.

"रोज इथं बसतेस?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"हो."

"मला कधी बोलली नाहीस."

सासूबाईंनी पदराने खुर्चीचा हात पुसला. या खेपेला तिथे धूळ होती.

नियमावली मात्र आता आपल्या घरी आल्यासारखे हिंडत होते. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवून बोट तपासलं, नळ नसल्याचं लिहिलं, वायुवीजन नसल्याचं लिहिलं, कीटकांचा प्रादुर्भाव या रकान्यापाशी थबकले, डासाकडे पाहिलं, आणि तोही लिहिला. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की जागा पूर्णतः अयोग्य आहे; आणि अयोग्य जागेबद्दल नोटीस उत्पादकाला नव्हे, जागेच्या ताबेदाराला काढावी लागते.

"ताबेदार कोण?" मोठ्या साहेबांनी विचारलं. छातीवर चहाचा डाग होता आणि तो ते रुमालाने टिपत होते.

"कार्यालयप्रमुख," नियमावली म्हणाले. "म्हणजे आपण, साहेब."

"अहो, मला नोटीस? तुम्ही?"

"नियम आहे, साहेब." त्यांनी पान फाडून अदबीने दोन्ही हातांनी पुढे केलं. स्वच्छ खोली, वाहतं पाणी, आतून कडी, शीतपेटी. तपासणीपूर्वी पूर्तता व्हावी. न झाल्यास अहवाल वर जाईल.

इमारतीत कडी, नळ आणि फ्रिज असलेली खोली एकच होती. मोठ्या साहेबांच्या दालनामागची, जिथे ते जेवल्यावर अंमळ पडत. त्यांनी आठवडाभर शोधाशोध करून पाहिली. मग एका सकाळी आपली उशी आणि जेवणाचा डबा गुपचूप बाहेर आणला. कागदावर सही झाली नाही ती नाहीच.

चहावाल्याचं दूधही नियमावलींनी तपासलं. प्रकरण पूर्ण व्हावं म्हणून. त्यात साखर नव्हती. चहावाला त्या दिवशी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता, पण तेव्हापासून इमारतीतला चहा बरा झाला, हे सगळ्यांनाच मान्य करावं लागलं.

मावशी नवा चष्मा लावून रजेवरून परत आल्या, तोवर त्या खोलीत हिशेब शाखेतली एक आणि लसीकरणातली एक अशा आणखी दोघी जायला लागल्या होत्या. डासालाही तिथेच हलवलं होतं. कडी होती, पण सवय झाली होती. मजकूरवाली आता बाटलीवर लोकर बांधत नव्हती. तिने लेबल लिहिलं होतं, तिच्या सगळ्यांत ठसठशीत अक्षरात: 'आईचं दूध. यात पाणी घातलेलं नाही.' सासूबाई ते लेबल उघड दिसेल अशी बाटली घेऊन दारात उभ्या राहत, आणि शेजारणीने विचारलं नाही तरी सांगत, की आमच्या सुनेचं सरकारने तपासलेलं आहे. दार लावल्यावर बाटली उजेडाकडे धरून म्हणत, "पण पातळच आहे हं जरा." न फोडलेला डबा त्यांनी फडताळावरून काढला होता. वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीला टेकण म्हणून तो अगदी बरोबर बसला.

ढब्बूला पहिला दात आला त्या आठवड्यातली गोष्ट. मजकूरवाली कडी लावून आत बसली होती. फ्रिज गुरगुरत होता. त्याचा एक पाय तोकडा होता आणि त्यामुळे तो सारखा थरथरायचा. दारावर टकटक झाली. शिपाई म्हणाला, वरून टपाल आलंय मॅडम, तुमच्या नावाचं, आणि दाराच्या फटीखालून एक कागद आत सरकला.

तिने पायाने तो जवळ ओढला. तिचा प्रस्ताव परत आला होता. एवढ्या प्रवासात त्याला बरेच शिक्के आणि सह्या लाभल्या होत्या. सगळ्यांत शेवटी लाल शाईत शेरा होता: 'सदर इमारतीत अशी खोली उपलब्ध नाही. सबब, प्रस्ताव अमान्य.'

"मिळालं का मॅडम?" बाहेरून शिपायाने विचारलं.

"मिळालं," ती म्हणाली.

दूध काढून झाल्यावर तिने बाटलीला झाकण लावलं, लेबल चिकटवलं, नळाखाली हात धुतले. मग खाली बसून त्या कागदाची चौकोनी घडी घातली आणि फ्रिजच्या तोकड्या पायाखाली सरकवली. फ्रिज थरथरायचा थांबला.